भरतीला आडवा गेलेला माझा मेहुणा

माझ्या मेहुण्याइतक्या मनापासून आगीची वाट पाहणारा माणूस अख्ख्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात दुसरा झाला नसेल, आणि न लागलेल्या इतक्या आगीही दुसऱ्या कोणी विझवल्या नसतील. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, नेरूळला लागून असलेल्या शिरवणे गावचा. मी कोकणातून नोकरीसाठी इकडे आलो आणि शिरवण्याचा जावई होऊन नेरूळला सातव्या मजल्यावर राहिलो. सासुरवाडी इतकी जवळ की बायको रागावून माहेरी गेली तरी गॅसवरचं दूध उतू जायच्या आत परत येऊ शकते. त्यामुळे हा मेहुणा आमच्याकडे पाहुणा म्हणून कधी आलाच नाही. तो यायचा, फ्रिज उघडायचा, आणि मग विचारायचा, "भावजी, घरी आहात का?"

आग त्याच्या आयुष्यात उशिरा आली. त्याआधी तो महाप्याला एका कंपनीत दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या क्रेडिट कार्डांच्या तक्रारी ऐकत असे. आवाज असा गोड की शिव्या द्यायला फोन केलेली माणसं शेवटी त्याच्या आईची तब्येत विचारून फोन ठेवत. मग एके दिवशी कंपनीने ते काम बोलणाऱ्या कॉम्प्युटरला देऊन टाकलं आणि याच्यासकट सगळा मजला घरी पाठवला. त्याचं दुःख नोकरी गेल्याचं नव्हतं. जाताना त्याने स्वतःच्याच जुन्या नंबरवर फोन करून बघितला, तर तो कॉम्प्युटर त्याच्यापेक्षा गोड बोलत होता. पुढे वर्षभर तो मुलाखती देत फिरला. बी.कॉम. झालेल्याला कुठे 'अनुभव कमी' म्हणत, कुठे 'अनुभव जास्त', आणि एका ठिकाणी तर मुलाखतसुद्धा कॉम्प्युटरनेच घेतली. तिथून तो थेट आमच्याकडे आला, सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "भावजी, ठरलं. फायरमन होनार. एआय काय पन करेल, शिडी चढनार नाय."

सासूबाईंना हे मुळीच पटलं नाही. गावातल्या खोल्यांचं भाडं येत होतं, थोरल्या काकांचं हार्डवेअरचं दुकान होतं, पोराने गल्ल्यावर बसावं एवढीच त्यांची इच्छा. "लोकांची पोरां आगीतशी भायेर पलतान," त्या मला म्हणाल्या, "नि आमचा आत जावाला परीक्षा देतंय. जावयबुवा, तुमी तरी सांगा त्याला." मी सांगितलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भावजी, तुमच्या या पडद्याचं कापड कुठलं? सिंथेटिक दिसतंय."

अग्निशमनाचा कोर्स लावल्यापासून त्याच्या नजरेला जग म्हणजे पेटायचं राहून गेलेली वस्तू झालं. हॉटेलात गेलं की मेनूकार्डाआधी बाहेर पडायचा दुसरा दरवाजा शोधायचा, आणि तो मुतारीतून जात असेल तर मुतारीशेजारच्या टेबलावर आम्हाला बसवायचा. आमच्या सोसायटीतले लाल सिलेंडर त्याने एका सकाळी तपासले. एकाची मुदत आमच्या लग्नाच्याही आधी संपलेली होती आणि दुसरा सेक्रेटरींनी ऑफिसचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावून ठेवला होता. आमच्या देवघरातल्या समईशेजारी तेव्हापासून तांब्याभर पाणी असतं. ते तीर्थ समजून पाहुणे पितात. बायकोने फोडणी दिली की हा हॉलमधून ओरडायचा नाही, पण चप्पल घालून तयार उभा राहायचा.

या तयारीचं सर्वोच्च टोक म्हणजे त्याच्या चुलतभावाचं लग्न. सगळे जण नवरानवरीकडे बघत होते, हा होमाकडे. वाळूची एक बादली आणि पाण्याची एक बादली घेऊन तो भटजींच्या मागे पहाऱ्यावर उभा. भटजी दोनदा वळून म्हणाले, "अहो, हा अग्नी पवित्र असतो." हा म्हणाला, "आग ती आग, गुरुजी." मुलीच्या मामांनी भक्तिभावाने तुपाची अख्खी वाटी उपडी केली, ज्वाळा भटजींच्या उपरण्याएवढी वर आली आणि पुढच्या क्षणी होम, भटजी, मामा आणि नवरीचा शालू असं सगळं विझलं. मग नव्याने लाकडं आणली, ती ओल्या विटांवर पेटेनात, पाऊण तास धूर झाला आणि त्या धुरात कोण कोणाच्या मागून सप्तपदी चालतंय हे कोणालाच दिसलं नाही. त्या जोडप्याचा संसार उत्तम चालला आहे. फक्त भांडण झालं की दोघंही 'आपलं लग्न नीट लागलंच नाही' या मुद्द्यावर येतात आणि दोष याला देऊन समेट करतात.

भरतीत छाती दोनदा मोजतात, एकदा साधी आणि एकदा फुगवून. ती अमुक इतकी फुगलीच पाहिजे असा नियम. त्यामुळे हा तयारीची दोन वर्षं फुगलेल्या अवस्थेतच होता. प्रश्न विचारला की उत्तर श्वास सोडताना मिळायचं, तोवर थांबावं लागायचं. खिशात शिंप्याचा टेप असायचा आणि दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला, कोणीही दिसला की हा टेप त्याच्या हातात देऊन दोन्ही हात वर करायचा. हा गाफील असताना सासूबाईंनी त्याच्यासाठी एक स्थळ आणलं. मुलीच्या वडिलांनी प्रेमाने विचारलं, "मग, सध्या काय करता?" त्या वेळी हा नेमका श्वास कोंडून होता. त्याने उत्तर दिलं नाही. चेहरा लाल झाला, मग जांभळा, डोळे मोठे झाले. मंडळी चहा न घेता उठली. मुलगा दिसायला बरा आहे पण फार तापट आहे, असा निरोप नंतर आला.

आणि मग माणसं उचलणं. आगीत सापडलेल्या माणसाला खांद्यावर टाकून खाली आणायचं असतं, भरतीत त्यासाठी माणसाएवढा भरलेला पुतळा खांद्यावर घेऊन पळवतात. पुतळा घरी मिळत नसल्यामुळे याने नातेवाईक वापरले. सुरुवात माझ्यापासून झाली. रविवारी पेपर वाचत बसलो असताना मी एकदम आडवा झालो आणि पेपर उलटा दिसू लागला. जिन्याने खाली जाताना तो माझ्याशी त्या जुन्या कंपनीतल्या आवाजात बोलत होता, "सर, आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात. कृपया हलू नका." सवय होती ती, काम करताना समोरच्याशी असं बोलल्याशिवाय त्याचे हातपाय चालत नसत. माझ्यानंतर बायको, मग काका, मग थोरली आत्या. आत्या अंगाने भरभक्कम, त्यामुळे सरावाला उत्तम. तिला आम्ही भीत भीत विचारलं, तर ती म्हणाली, "उचल की. माझ्या लग्नान पन मना कोनी असा उचलला नवता." त्यानंतर ती दर रविवारी पावडर लावून येऊ लागली. पुढे आमच्या इमारतीची लिफ्ट आठवडाभर बंद पडली तेव्हा तर खालच्या मजल्यावर त्याच्यासाठी रांग लागली. जोशीकाकू भाजीच्या पिशवीसकट खांद्यावरून घरी गेल्या. शेवटी 'सोसायटीच्या आवारात माणसे उचलण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी सेक्रेटरींना लावावी लागली. तशी पाटी अख्ख्या नवी मुंबईत आमच्याकडेच असावी.

एवढं सगळं करून पहिल्या भरतीत तो बाद झाला. पळण्यात नाही, दोरीवर चढण्यात नाही, छातीत तर नाहीच. उंचीत. अर्ध्या बोटाने. मोजणाऱ्याने पट्टी डोक्यावर टेकवली, आकडा सांगितला आणि 'पुढचा' म्हणाला. संध्याकाळी तो आमच्याकडे आला. त्या दिवशी फ्रिज उघडला नाही. गॅलरीत माझ्याशेजारी उभा राहिला. खालच्या गाड्या बघत होता.

"भावजी," तो म्हणाला, "मानूस कमी पडला असं नुसतं बोलतात ना? मला मोजून सांगितलं."

मी त्याला पुन्हा भरती निघेल वगैरे म्हणालो. पुन्हा निघेल हे त्यालाही माहीत होतं. पण वयाची अटही होती, आणि पुढची भरती निघेल ती त्याची शेवटची असणार होती. पंचविशी उलटलेल्या माणसाची उंची कशी वाढवायची याला औषध नव्हतं. तरी सासूबाईंनी, ज्यांना त्याने आगीत जायलाच नको होतं, त्यांनी गावदेवीला नारळ बोलला. मी विचारलं, "आई, तुमचा तर विरोध होता ना?" त्या म्हणाल्या, "नोकरी नको लागू दे. पन पोराला कोनी बुटका नाय बोलला पायजे."

ती शेवटची भरती निघाली आणि त्याला कुठूनसं कळलं की माणूस सकाळी उंच असतो. रात्रभर आडवं झोपल्याने मणके मोकळे होतात आणि दिवसभर उठल्या-बसल्याने पुन्हा दबतात. हे खरं आहे म्हणतात. दुसऱ्या कोणी ही माहिती ऐकून सोडून दिली असती. याने भरतीच्या आदल्या दुपारी अंथरूण धरलं आणि जाहीर केलं की आता जे उठायचं ते पट्टीखालीच. जेवण त्याला आडवंच भरवलं. बाकीच्या गोष्टींबद्दल मी विचारलं नाही. पहाटे त्याला भरतीच्या मैदानावर, म्हणजे ठाण्याच्या बाजूला, न्यायची जबाबदारी माझ्यावर आली, कारण माझ्या छोट्या गाडीची पुढची सीट पूर्ण मागे पडते.

काका आणि मी मिळून त्याला फळीसारखा उचलला आणि गाडीत सरकवला. डोकं मागच्या सीटवर, पाय डॅशबोर्डला टेकलेले. पहाटेचा गारवा म्हणून सासूबाईंनी त्याच्यावर गळ्यापर्यंत पांढरी चादर घातली. मग गावदेवीचा हार आणून चादरीवर ठेवला, नारळ छातीवर ठेवला, आणि गाडी हलली तेव्हा त्यांना रडू आलं. आत्याही रडली. ज्याने हे फाटकातून पाहिलं असेल त्याने काय समजायचं ते समजून हात जोडले असतील.

महाप्याच्या अलीकडे नाकाबंदी होती. हवालदाराने बॅटरी आत मारली, हार दिसला, नारळ दिसला, चादर दिसली. त्याने टोपी काढली.

"कोण होते?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"मेहुणा," मी म्हणालो.

"काय झालं होतं?"

मी उत्तर देणार तोच चादरीतून, महाप्याच्या त्या कंपनीतला अत्यंत नम्र आवाज आला, "गुड मॉर्निंग सर. बोला, मी आपली काय मदत करू शकतो?"

हवालदार दोन पावलं मागे जाऊन बॅरिकेडवर आपटला. तो सावरल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, उंची, अर्धं बोट, मणके, शेवटची भरती. मला वाटलं आता आम्हा दोघांना गाडीतून उतरवणार, म्हणजे गेलीच उंची. पण त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली, खिडकीत वाकून मेहुण्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "मान का वाकडी ठेवलीय याची? उशी काढा ती." मी उशी काढली. मग तो म्हणाला, "मीपण भरतीला असाच आलेलो. साताऱ्याहून, टेम्पोत, कोबीच्या गोणींवर झोपून." बॅरिकेड त्याने स्वतः सरकवलं. "जा. आणि पुढं स्पीडब्रेकर आहेत, हळू घ्या. एका दणक्यात जाईल सगळं."

मैदानाबाहेर पोचलो तर आम्हीच एकटे शहाणे नव्हतो. ओळीने गाड्या, रिक्षा, एक तर शाळेची व्हॅन, आणि त्यांतून नातेवाईक आपापला उमेदवार आडवा बाहेर काढत होते. इमारतीत नव्या घरी राहायला आलेल्यांचं फर्निचर उतरवावं तसं दृश्य. जागा मोजक्या, आणि पोरं मैदानाच्या कुंपणाला वळसा घालून उरलेली. माझ्या शेजारी उभ्या गृहस्थांचा मुलगा इंजिनियर होता. ते म्हणाले, "आग म्हणजे काय हे तो उत्तम लिहील हो. पळता येत नाही फक्त." त्यांच्या पलीकडच्या बाईंची मुलगी एम.ए. झालेली, शिडीच्या सरावाने तळहाताला घट्टे पडलेले. हसावं की काय करावं कळेना. ही सगळी शिकलेली पोरं आगीत जायला मिळावं म्हणून पहाटेपासून रांगेत होती, आणि आपल्याला जायला मिळणार नाही याची प्रत्येकाला भीती होती.

मेहुण्याचा नंबर आला तेव्हा त्या गृहस्थांनी त्याचे पाय धरले आणि आम्ही त्याला रांगेच्या अगदी तोंडाशी नेऊन उभा केला. तो पट्टीखाली गेला. मी कुंपणाच्या जाळीला नाक लावून बघत होतो. पट्टी खाली आली. मोजणाऱ्याने वाकून पाहिलं, डोळे बारीक केले, दुसऱ्याला बोलावलं. दुसऱ्यानेही वाकून पाहिलं. माझ्या छातीचं माप त्या वेळी घेतलं असतं तर मीही भरती झालो असतो. मग पहिल्याने मान हलवली आणि मेहुण्याला पुढे जायची खूण केली. तो पुढे गेला, रांगेच्या आडोशाला पोचला आणि आदल्या दुपारपासून पहिल्यांदाच, मटकन खाली बसला.

पुढचं सगळं त्याला पाठ होतं. पळाला, दोरी चढला, छाती फुगवली तर मोजणारा म्हणाला बास. शेवटी पुतळ्याची वेळ आली. बाकीची पोरं पुतळा गोणीसारखा खांद्यावर टाकून धावत सुटत होती. हा पुतळ्यापाशी गेला, वाकला, आणि सवयीने बोलू लागला. खांद्यावर घेतला तरी बोलणं चालूच. "मॅडम, गैरसोयीबद्दल क्षमस्व. मी आपल्याला सुरक्षित ठिकाणी ट्रान्सफर करतोय. कृपया होल्ड करा." मैदान हसू लागलं. त्याला पत्ताच नव्हता. रेषा ओलांडल्यावर इतरांनी पुतळा धाडकन टाकला होता, याने गुडघ्यावर बसून तो हलक्या हाताने खाली ठेवला, डोकं नीट टेकवलं, आणि विचारलं, "आपल्याला अजून काही मदत हवी आहे का?"

शिट्टी वाजवणारे अधिकारी पांढऱ्या मिशांचे होते. तेही हसत होते, पण मग थांबले. "कोणाशी बोलतोयस?"

"सॉरी साहेब, सवय झालीय. न बोलता उचललं की मानूस घाबरतो."

साहेबांनी पुतळ्याकडे पाहिलं, मग याच्याकडे. "बरोबर आहे," एवढंच म्हणाले आणि काहीतरी लिहायला खाली वाकले.

तो निवडला गेला. बातमी आली तेव्हा सासूबाई कणीक मळत होत्या. त्या तशाच परातीपाशी बसून राहिल्या. मी म्हणालो, पेढे आणू का? "आना," त्या म्हणाल्या, "पन वाटताना काय बोलू? पोरगा आगीन जावाला लागला, तोंड गोड करा?" मग उठून त्यांनी स्वतःच अख्ख्या आळीत पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं की पोराला पाण्याच्या खात्यात नोकरी लागली.

ते फारसं खोटं नव्हतं. सुरुवातीचे कित्येक महिने त्याला आग अशी दिसलीच नाही. मांज्यात अडकलेलं कबूतर सोडवलं, बाथरूममध्ये कडी लागून बसलेल्या आजोबांना काढलं, एका बाईची सुजलेल्या बोटातली अंगठी कापली, रस्त्यावर सांडलेल्या तेलावर माती टाकली. "भावजी, फोनवर वर्दी आली की आमी घंटा वाजवत जातो," तो खट्टू होऊन सांगायचा, "नि तिथं साप असतो. तो पन बिनविषारी."

मग एका दुपारी तो आमच्याकडे आला, आंघोळ करून, केस ओले. बायकोने जेवायला वाढलं. आदल्या दिवशी एका जुन्या इमारतीत मीटरच्या खोलीला आग लागली होती, जिना धुराने भरला होता, हे आम्हाला फोनवर कळलं होतं. मी विचारलं, "भीती वाटली का रे?"

"नाय," तो म्हणाला. भात कालवत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "चौथ्या माळ्यावर एक आजी होती. उचलली तर काय वजनच नाय. मी दोनदा हात लावून बघितलं, हाय ना खांद्यावर म्हनून. खाली येईपर्यंत तीच बोलत होती. मला बोलली, बाला, दमला असशील, जरा ठेव खाली मला."

"मग?"

"मग काय. नाय ठेवली." त्याने ताक मागितलं.

आजी बरी आहे. तो हल्ली पूर्वीसारखा येत नाही, पाळ्या असतात. आता तो हॉटेलात कुठेही बसतो, लग्नात होमाकडे पाठ करून जेवतो, पडद्यांबद्दल काही म्हणत नाही. काल काय झालं विचारलं तर म्हणतो, काही नाही, रोजचंच. त्याला जरा गप्प बस म्हणून ओरडणारी माझी बायको आता त्याने काहीतरी बोलावं म्हणून उगाच गावातल्या गोष्टी काढत बसते. तो हुं हुं करतो आणि ऐकता ऐकता दिवाणावर झोपतो. आजीची गोष्ट सांगितली त्या दिवशीही जेवून तसाच झोपला. आम्ही टीव्ही बंद केला, पंखा वाढवला आणि स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात बोलत बसलो. संध्याकाळी तो ड्यूटीवर गेला. अंथरूण काढायला गेलो तर उशीला धुराचा वास होता, आंघोळीनंतरही राहिलेला. मी अभ्रा काढून बायकोकडे दिला. तिने तो हातात धरला, एकदा नाकाशी नेला आणि मशीनमध्ये न टाकता घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. "राहू दे आज," म्हणाली.